खालचा हात

दिवसभर पोस्टात पिनकोड बघून पत्रं वेगळी करतो,
शून्य तीस एकीकडे, शून्य बेचाळीस दुसरीकडे.
साडेपाचला टिळक रोडमागच्या हॉलवर येतो,
चप्पल काढतो, अंगठी काढतो, घड्याळ काढतो.
घड्याळाच्या बकलानं एकदा एका पोरीच्या पाठीवर
लांब ओरखडा उठला होता. तेव्हापासून.

काम सांगायला सोपं आहे:
पोर हवेत जातं, मी खाली असतो.
एक हात कमरेमागे, दुसरा मांडीखाली,
डोळे पायांवर नाहीत, चेहऱ्यावर तर मुळीच नाहीत.
चेहरा बघितलास की तूही घाबरशील,
खासनीस मास्तर म्हणायचे. कंबर बघ.
कंबर जाईल तिकडे माणूस जातो.
त्यांची स्वतःची दोन बोटं सरळ होत नसत.
आणि म्हणायचे, पडणाऱ्याला धरायचं नसतं रे,
त्याचं पडणं जरा हळू करायचं असतं.

सध्या रुमाना आहे. तांबोळ्यांची, कोंढव्याहून येते,
अकरा वर्षांची, कोपरापर्यंत पावडर फासलेली.
उलटी उडी घ्यायच्या आधी दर वेळी मागे न बघता विचारते,
"सर, आहात ना?"
"आहे."
हा शब्द मी घरी जितका बोललो नसेन
तितका या निळ्या मॅटवर बोललोय.
गेल्या गुरुवारी तिची टाच ओठावर बसली.
घरी बायकोनं बर्फ काढला, एवढंच विचारलं,
"आज कुणाची?"

आता ते सांगतो.
अकरा वर्षं झाली. डिसेंबर, मॅट थंडीनं ताठ झालेल्या.
निखिलेश लोणकर दांडीवरून सुटत होता,
शंभरदा केलेली उडी, माझ्याही हातांना पाठ.
चहावाल्यानं दारातून विचारलं, किती कप?
मी म्हणालो, चार.
चार म्हणायला लागतो तेवढाच वेळ.
खडू मोडावा तसा आवाज आला.
त्याचे वडील ससूनच्या जिन्यात मला म्हणाले, होतं असं.
त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर
मी कदाचित काम सोडून दिलं असतं.

तो हल्ली बोहरी आळीत दुकानावर असतो.
बिजागऱ्या, कड्या, स्क्रू.
आमच्या घरात लागत नाहीत इतक्या कड्या
मी त्याच्याकडून आणल्यात.
सुटे पैसे देताना तळहात पुरता उताणा होत नाही त्याचा,
नाणी वरूनच सोडतो.
मी हात खाली धरतो.
अजून एकही नाणं निसटलेलं नाही.
"सर, हॉल चालू आहे ना?"
"आहे."
पुढं दोघंही वजनकाट्याकडे बघतो.

रुमानाची कंबर आता माझ्या हाताला टेकत नाही.
दोन बोटं जातील एवढी फट राहते.
तिला सांगितलेलं नाही. सांगू नये.
मी जागचा हललेलो नाही,
आणि दाराशी कुणी कप मोजत असेल तर मोजू दे,
मला ऐकू येत नाही.

काल साडेआठला, स्वारगेटच्या सिग्नलला
शेजारच्या स्कूटीवर आईच्या मागे बसलेलं पोरगं
झोपेत डावीकडे कलत चाललं होतं.
माझा हात हँडल सोडून निघाला, मला न विचारता,
आणि त्याच्या दप्तराखाली बोटभर अंतरावर थांबला.
बाई वळल्या. "काय हो?"
काय सांगणार.
"इंडिकेटर चालू राहिलाय तुमचा."
नव्हता राहिलेला.
त्यांनी तरी बटण दाबलं. पोरगं दचकून सरळ बसलं,
मागचे हॉर्न वाजवायला लागले.